स्टेडी मिनिस्टर आणि माझी पाठ

घोडा चार पावलं चालला, की तो पुढे काय करणार ते मी सांगतो. आजवर एकदाही चुकलेलो नाही!

(आजवर कुणी विचारलेलं नाही, असं हेमांगीचं म्हणणं. हेमांगी माझी बायको. या गोष्टीत ती कंसातच येईल. तिचीच अट आहे, घोड्यांच्या भानगडीत आपलं नाव उघड्यावर नको म्हणून.)

मी रतन, राहणार बोरीवली पश्चिम. चौतीस वर्षं विमा कंपनीत काढली. निवृत्त झाल्यावर लोक प्राणायाम करतात, मी घोडे बघतो. पैसे लावत नाही, नुसते बघतो. हे कुणाला पटत नाही, म्हणून हल्ली सांगणं सोडलं आहे. खाडी ओलांडून गोराईला उतरलं की सुरूच्या झाडांमागे एक तबेला लागतो. रेसच्या घोड्यांची कोवळी पिलावळ तिथे फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत तयार होते. रोज सकाळी पहिल्या बोटीने मी तिथे हजर. गळ्यात स्टॉपवॉच, हातात वही.

*वही, पान २*

फाइन प्रिंट. घोडी, तीन वर्षं. चाल नेटकी. मान खाली. गर्दीला भीत नाही.

स्टेडी मिनिस्टर. घोडा, तीन वर्षं.

(पुढे जागा कोरी होती म्हणून मी तिथे साबण, तूरडाळ आणि गॅसवाल्याला फोन हे लिहिलं.)

कोरी राहिली, कारण मी लिहायचं विसरलो. असं जनावर तुम्ही पाहिलेलं नाही! शेंगदाण्याच्या सालीचा रंग. पाय इतके लांब की दुसऱ्या मोठ्या घोड्याची ऑर्डर चुकून याला लागली असावी. उभा असताना तो नव्याने जोडलेल्या कपाटासारखा हलायचा, कुठला पाय कुठे ठेवावा ते त्याचं त्यालाच ठरवता यायचं नाही. आणि तोच घोडा ओहोटीच्या ओल्या वाळूवर सुटला, की सगळ्या भानगडी मिटायच्या. मागचे पाय पोटाखाली जायचे, मान लांब व्हायची आणि चारशे मीटर वाळू त्याच्याखालून ओढून घेतल्यासारखी मागे जायची. पहिल्या दिवशी मी स्टॉपवॉच दाबलं होतं. थांबवायचं राहून गेलं. घरी जेवताना ते माझ्या गळ्यात चालूच होतं.

अडचण एकच. मिनिस्टर फाटकात शिरत नसे.

फाटक म्हणजे रेस जिथून सुटते तो लोखंडी सांगाडा. एकेका घोड्याला एकेक खण. मोतद्दार घोड्याला मागून आत नेतो, मागचं दार लागतं, आणि तो स्वतः पुढच्या दाराखालून वाकून सटकतो. मग बटण दाबलं की पुढची दारं खाडकन उघडतात. मिनिस्टर त्या खणापासून दोन हातांवर येई आणि थांबे. ओढा, ढकला, गूळ द्या. आठ माणसं लागली तरी हलत नसे. सरकारी कचेरीतल्या खिडकीसमोर माणूस उभा राहतो, तसा शांतपणे उभा.

आता ऐका, काय पणाला लागलं होतं. फाटकाची परीक्षा तीनदा देता येते. तिन्ही वेळा नापास झाला तर घोडा या हंगामात पळणार नाही, आणि मालकाने ट्रेनर कृणालला आधीच बजावलं होतं: न पळणारा घोडा मी पोसणार नाही, माथेरानला देऊन टाका. म्हणजे ते पाय लाल मातीत पर्यटकांच्या फेऱ्या मारणार! पाठीवर उन्हाळी टोपीतला कुणीतरी इसम, त्याच्या हातात मक्याचं कणीस. मला विचारही सहन होईना.

पहिल्या परीक्षेत तो सरळ नापास झाला. वीस मिनिटं ढकलून झाल्यावर रेसकोर्सवरून परीक्षा घ्यायला आलेल्या स्टार्टरसाहेबांनी कागदावर फुली मारली. अंबादास, त्याचा मोतद्दार, घोड्याला घेऊन परत गेला.

मी कृणालला गाठलं आणि म्हणालो, पुढची परीक्षा माझ्यावर सोपव.

"काका, तुम्ही कधी घोड्यावर बसला आहात?"

"नाही. पण चौतीस वर्षं अपघातांची कारणं शोधली आहेत."

कृणाल दमलेला होता. दमलेला माणूस हो म्हणतो, हे मला विम्यातूनच माहीत.

*वही, पान ११. निरीक्षणं*

इथे माझ्या सासूबाई गोष्टीत येतात. मथुराबाई, वय बहात्तर, गोराईच्या कोळीवाड्यातल्या. रोज सकाळी लिलावातून मासळी उचलून, पाटी डोक्यावर घेऊन त्या बोरीवलीच्या बोटीला जातात. जेटीची जवळची वाट तबेल्याच्या आवारातून जाते. कृणालने एकदा त्यांना अडवून पाहिलं. ही वाट माझ्या सासऱ्याच्या वेळची आहे, तुझी घोडी कालची, असं त्यांनी सुनावल्यापासून तो त्यांना नमस्कार करतो.

तर सोमवारी सासूबाई आवारातून गेल्या, वाटेवरच्या रिकाम्या फाटकाच्या उघड्या खणातून. तेवढीच सावली, म्हणून. आणि मिनिस्टर त्यांच्या मागोमाग गेला! अंबादास दोरीच्या टोकाला लोंबकळत होता. घोडा एका दारातून शिरला, दुसऱ्यातून निघाला, जणू बोटीचं तिकीट काढून आला होता.

मी नोंदी सुरू केल्या.

सोमवार: पाटीत कोळंबी. गेला.

मंगळवार: कोळंबी. गेला.

बुधवार: बोंबील. नाही गेला. (मी सासूबाईंबरोबर उलटा चालत, घोड्याच्या डोळ्यांत डोळे घालून निरीक्षण करत होतो.)

गुरुवार: कोळंबी. गेला. (मला पोहोचायला उशीर झाला, अंबादासकडून कळलं.)

निष्कर्ष: कोळंबी!

(वरचे दोन्ही कंस माझे नाहीत. हे पुढे उपयोगी पडेल, म्हणून सांगून ठेवते.)

*दुसरी परीक्षा*

दीड किलो कोळंबी मी फडक्यात बांधून खणाच्या पुढच्या दाराला टांगली. आदल्या संध्याकाळी. म्हणजे वास नीट मुरेल.

मुरला.

सकाळी खणात अकरा मांजरं होती. गोराईत इतकी मांजरं आहेत हे गोराईलाही माहीत नसावं. स्टार्टरसाहेब रुमाल नाकाला लावून उभे. मिनिस्टर पुढे आला, वास घेतला, वरचा ओठ नाकावर दुमडून सगळे दात दाखवले आणि इतक्या जोरात शिंकला की साहेबांच्या हातातला कागद ओला झाला. शिंकेने मांजरं उधळली. मांजरांमुळे फाइन प्रिंट उधळली. ती गुणी घोडी आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं न ऐकता थेट समुद्रात गेली आणि कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून आमच्याकडे बघत बसली. तिला बाहेर काढायला दोन होड्या लागल्या.

दुसरी फुली.

कृणाल ओरडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, की काका, उद्यापासून कुंपणाच्या बाहेरून बघा. मी मान हलवून निघालो. दाराशी अंबादास घोड्याचा पाय धूत बसला होता. मला वाटलं शिव्या देईल. त्याने वरही पाहिलं नाही.

"साहेब, हा वर गेला तर मीपण जाईन म्हणतो. डोंगरावर. त्याला चढाची सवय नाही, नवी माणसं मारतील."

बोटीत बसल्यावर मी वही उघडली नाही.

*वही, पान १७*

(यांनी दोन दिवस काही लिहिलं नाही. जेवलेही नाहीत नीट. शेवटी मी आईला फोन लावला.)

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मला लिलावाला बोलावलं. पहाटे किनाऱ्यावर होड्या लागलेल्या, मासळीचे ढीग पडलेले, बायकांचा गलका. त्या पापलेटांच्या एका ढिगापुढून गेल्या. विक्रेता आकडा बोलला. सासूबाई भलतीकडे, एका कावळ्याकडे बघत होत्या. मग पाठ फिरवून चालू लागल्या. दहा पावलांवर विक्रेता धावत मागे आला, आकडा उतरवून.

"बघितलंत, जावई? ज्याच्यावर जीव आहे त्याच्याकडं बघायचं नाही. बघितलं की तो उभा राहतो. पाठ दावली की येतो."

"पण आई, तो माणूस आहे. हा घोडा."

"नखरा सारखाच."

मी खिशातून वही काढून पान अकरा वाचलं. बुधवार. डोळ्यांत डोळे घालून. आठ माणसं, ट्रेनर, अंबादास, मी, सगळे त्या बिचाऱ्याकडे बघत होतो! त्याच्याकडे न बघणारं गोराईत एकच माणूस होतं.

कृणालने शेवटचा उपाय म्हणून मान्य केलं. तिसऱ्या परीक्षेला सासूबाई पुढे चालतील, वाकून सटकतील, बस.

*तिसरी परीक्षा. सकाळी सात*

सात वाजता सासूबाई आल्या नाहीत. मी पळत जेटीकडे गेलो. रात्रीची होडी भरून आली होती, घोळ आणि रावस. सासूबाई दोन हातांनी पाट्या भरत होत्या. मी परीक्षेची आठवण करून दिली.

"घोडा उद्यापण घोडाच राहील. ही मासळी दुपारला मासळी राहायची नाय. तुम्हीच चाला पुढं."

मी म्हणालो, माझ्याने बघितल्याशिवाय राहवणार नाही. खरं तेच सांगितलं. त्यांनी एक भरलेली पाटी उचलून माझ्या डोक्यावर ठेवली. डोक्यावर ओझं असलं की मान वळत नाही, म्हणाल्या. आणि परत येताना तेवढी बोटीवर टाका.

तबेल्यात शिरलो तेव्हा पाटीतल्या बर्फाचं पाणी माझ्या चष्म्यावरून ओघळत होतं.

"हे कोण?" स्टार्टरसाहेबांनी विचारलं.

"काका आहेत," कृणाल म्हणाला.

"कुणाचे?"

मी चालू लागलो. समोर फाटकाचा खण आणि त्यापलीकडे मोकळी वाळू. मागे काय चाललंय ते कळेना. आयुष्यात इतकं वळून बघावंसं मला कधी वाटलं नव्हतं. मग आवाज आला. एक खूर. थांबला. दुसरा. मग तिसरा. मी खणात शिरलो आणि मानेवर गरम श्वास लागला. मागचं दार बंद झालं. तो आत होता! शांत होता! वर बसलेला रायडर चैतन्य कुजबुजला, काका, आता वाका आणि सटका.

सासूबाई सटकल्या असत्या. मीही पाटी टाकून सटकलो असतो. पण मिनिस्टरने हनुवटी पाटीवर टेकवली होती. दमलेला माणूस खिडकीवर कोपर टेकतो, तशी. वाकलो तर पाटी, मासळी, घोड्याचं डोकं सगळं खाली येणार आणि तो बिथरणार. मी नेटाने उभा राहिलो. थांबा, सांगावं म्हणून तेवढा हात वर केला.

वर केलेला हात म्हणजे "घोडा तयार, सोडा". हे मी स्वतः वहीच्या पहिल्या पानावर लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. बटणापाशी बसलेल्या माणसाला दाराच्या वर फक्त हातच दिसला.

खाडकन!

मी पळालो. अठ्ठावन्नाव्या वर्षी, डोक्यावर पाटी, दोन्ही हातांनी ती धरलेली, कारण ती सासूबाईंची. मागून चैतन्य ओरडत होता, "काका, डावीकडे!" मी डावीकडे गेलो आणि पाय वाळूत रुतला. आधी मी पडलो, मग पाटी, मग एकेक रावस.

आणि पडल्या पडल्या मी बघितलं. आता बघायला हरकत नव्हती. मिनिस्टर माझ्या शेजारून गेला. इतक्या जवळून मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. पोटाखालची शीर तट्ट फुगलेली, नाकपुडी आतून गुलाबी, आणि माझ्या पसरलेल्या बोटांना टाळून वीतभर पलीकडे पडलेला खूर. त्याला ठाऊक होतं मी कुठे आहे. तो पाय बदलून गेला. चार उड्यांत तो वेगात आला, आठव्या उडीला लहान झाला, मग सुरूच्या रांगेपाशी नुसती उडती वाळू उरली. तोंडात गेलेली वाळू मी थुंकलोही नाही. असा घोडा आपल्याला ओलांडून गेला, हे किती जणांच्या नशिबी असतं?

अंबादास माझ्याकडे धावत आला असं मला वाटलं. तो माझ्यावरून उडी मारून घोड्याकडे गेला. बरोबरच होतं. परत येताना मात्र तो थांबला, एका हाताने घोडा धरून दुसऱ्याने रावस गोळा करू लागला, आणि त्याचे डोळे बर्फाच्या पाण्याने ओले झाले नव्हते.

दुपारी निकालाचा कागद आला. कृणालने मोठ्याने वाचला. घोडा: फाटकात स्वतःहून शिरला, शांत उभा राहिला, झटक्यात सुटला. उत्तीर्ण. माथेरान रद्द, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पहिली रेस. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खाली अजून एक ओळ होती. ती कृणालने वाचली नाही, कागद माझ्या हातात दिला.

शेरा: घोड्यापुढील इसम सुटायला मंद, डावीकडे झुकतो, अंतर पूर्ण करीत नाही.

बाकी सगळं मान्य आहे. पण मंद? डोक्यावर साडेसात किलो वजन होतं, त्याची कागदावर कुठेही नोंद नाही. मी रीतसर तक्रार केली आहे.