चालकाचे अकरा हक्क आणि मागच्या सीटवरचा मी

ऑफिसच्या बसने जायचं नाही, आपल्याच गाडीने जायचं, असं मी ठरवलं. एवढंच. पुढे जे झालं त्यात माझा काडीचाही दोष नाही. (बायकोचं मत वेगळं आहे.)

त्याचं काय आहे, सन्मान माझा होता. मी हायवे खात्यात सीनियर क्लार्क. बावीस वर्षं फायली इकडच्या तिकडे केल्यावर गेल्या वर्षी साहेबांनी मला एक खरंखुरं काम दिलं. हायवेवर गाडी बंद पडली आणि टोइंगवाला उचलायला आला, तर चालकाचे हक्क कोणते, यावर पुस्तिका लिहायची. लोकांच्या तक्रारीच तशा होत्या. टोइंगवाले न विचारता गाडी उचलतात, भलत्याच गॅरेजला नेऊन टाकतात, वर अरेरावी करतात. मी चार महिन्यांच्या सुट्ट्या घालवून अकरा कलमं लिहिली. एकेक कलम असं घट्ट की सुई शिरायची नाही! खिशात मावेल अशी निळी पुस्तिका छापून आली, तेव्हा मी ती उशाशी घेऊन झोपलो. सांगायला लाज कसली?

लिहिताना बायकोने एकदाच विचारलं होतं, "अहो, चालकाचं सगळं झालं. पण गाडीत बाकीचे बसलेले असतात, त्यांचं काय?"

"त्यांचं काय असायचंय? ते नुसते बसलेले असतात!" मी म्हणालो.

हे वाक्य मी विसरलो. ती विसरली नाही.

तर त्या पुस्तिकेसाठी शेजारच्या शहरातल्या सभागृहात पाच वाजता माझा जाहीर सन्मान होता. आयुष्यातला पहिलाच. (शाळेत 'नियमित उपस्थिती'चं बक्षीस मिळणार होतं, पण नेमका त्या दिवशी मी तापाने घरी होतो.) आता ज्याचा सन्मान, त्यानेच बसमध्ये इतरांसारखं दाटीवाटीने बसायचं? छे! नवा कोट चढवला आणि ऐटीत मागच्या सीटवर बसलो. पुढे आई, आणि स्टिअरिंगवर बायको. हो, गाडी बायकोच चालवते. मी शिकायला गेलो होतो, पण शिकवणाऱ्यानेच नोकरी सोडली.

साडेतीनला, भर हायवेवर, बॉनेटमधून वाफ निघाली. बायकोने दिवे लुकलुकत ठेवून गाडी अलगद कडेला घेतली, आम्हाला खाली उतरवलं, लोखंडी कठड्याच्या पलीकडे उभं केलं आणि हेल्पलाइनला फोन लावला. कलम एक, जसंच्या तसं! मला भरूनच आलं.

"बाळा, आता रे तुझं बक्षीस?" आई म्हणाली.

"आई, काळजीच करू नकोस. अगं, आज आपल्याला पुस्तिका प्रत्यक्ष बघायला मिळणार!"

खरं सांगतो, मला आनंदच झाला होता. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मी तो चेहऱ्यावरून काढून टाकला.

वीस मिनिटांत टोइंगची गाडी आली. चांगली लांबलचक, पाठीवर अख्खी मोटार घेणारी. खाली उतरलेला माणूस धिप्पाड होता, पण चेहरा हसरा. त्याने बॉनेट उघडून बघितलं. "बेल्ट तुटलाय. काही नाही, उचलतो. हेल्पलाइनवाले म्हणाले, सभागृहाला जायचंय ना? त्याच्या बाजूलाच गॅरेज आहे. चला, बसा सगळे केबिनमध्ये. जरा मुडपून बसू, साडेचारला पोचवतो."

इतका सरळ माणूस! कोणीही शहाण्याने आभार मानून केबिन गाठली असती. पण माझ्या खिशात पुस्तिका होती ना.

"एक मिनिट!" मी हात वर केला. "ही काय पद्धत झाली? कलम दोन माहीत आहे का तुम्हाला?"

तो थबकला. "निळ्या पुस्तिकेतलं? पाठ आहे साहेब. आमची परीक्षाच घेतली त्यावर."

परीक्षा! माझ्या पुस्तिकेवर! माझी छाती इतकी फुगली की कोटाचं मधलं बटण ताणलं गेलं. "मग सगळं नियमाप्रमाणे होऊ द्या," मी म्हणालो. "आणि ती लिहिली कोणी, माहीत आहे? मी!"

"अरे वा! तुम्ही?" त्याने माझा हात दोन्ही हातांत धरून गदागदा हलवला. मग एकदम सावधान उभा राहिला. "बरं. चालक कोण?"

"मी," बायको म्हणाली.

"मग साहेब, तुम्ही कठड्याच्या मागे व्हा. कलम दोन. बोलणं फक्त चालकाशी, इतरांनी मध्ये पडायचं नाही."

मीच लिहिलं होतं. (एका तक्रारीत चालकाच्या मेव्हण्याने फार गोंधळ घातला होता.) मी मागे झालो. समोर त्या दोघांनी कलम तीन, चार, पाच सुरेख पार पाडली. कुठल्या गॅरेजला न्यायचं ते चालक सांगणार. चालकाच्या सहीशिवाय गाडीला हात नाही. चालकाने गाडीबरोबर जायचं आणि गॅरेजमध्ये ताबा द्यायचा. आमची गाडी अलगद वर चढली. मी टाळ्या वाजवल्या.

"आता कलम सहा," टोइंगवाला म्हणाला. "केबिनमध्ये माझ्याशिवाय दोनच माणसं. एक चालक, आणि दुसरं कोण ते चालक ठरवणार."

टाळ्या वाजवणारे माझे हात तसेच राहिले.

"मी वर आपल्या गाडीतच बसतो," मी म्हणालो.

"कलम सात, साहेब. उचललेल्या गाडीत कोणी बसायचं नाही."

"मग तुम्ही मघाशी म्हणालात तसं... जरा मुडपून?"

"मघाशी चाललं असतं हो," तो खरोखर हळहळला. "पण आता तुम्हीच म्हणालात, नियमाप्रमाणे. आजींनीसुद्धा ऐकलं."

"ऐकलं," आई म्हणाली. ती एव्हाना केबिनमध्ये खिडकीशी बसलीसुद्धा होती. एरवी दोन पायऱ्या चढताना पाय दुखतात म्हणणारी ती तिथे कशी चढली, ते मला अजून कळलेलं नाही.

बायको माझ्याजवळ आली. आवाज खाली होता. "अहो, आईंना इथे दोन तास उभं करू का? तुम्हीच सांगा."

काय सांगणार? वर्षभर ज्या पाच वाजण्याची वाट पाहिली, ते डोळ्यांसमोरून चालले होते. पण ज्या कलमांसाठी सन्मान, तीच मोडून तो घ्यायला कुठल्या तोंडाने जायचं?

"जा तुम्ही," मी म्हणालो. "कलम सहा बरोबरच आहे."

"बरोबर आहे," ती म्हणाली. "फक्त बाकीच्यांसाठी एक कलम हवं होतं."

टोइंगवाल्याने वायरलेसवर दुसरी गाडी मागवली. ती दोन तासांनी येणार होती. (अनोळखी वाहनातून लिफ्ट घेऊ नये, कलम नऊ.) ते गेले, आणि दहाच मिनिटांत मागून आमच्या ऑफिसची बस आली! मी कठडा ओलांडून पुढे धावलो, दोन्ही हात हलवले. हायवेवर बस थांबवायची नाही, हा आमच्याच खात्याचा नियम. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, सगळ्यांनी आनंदाने हात केले. सन्मानाच्या दिवशीसुद्धा मी रस्त्याची पाहणी करतोय, असं त्यांना वाटलं. जावक विभागातल्या 'फ्लॅश'ने तर खिडकीतून फोटोही काढला. (दिसेल त्याचे फोटो काढतो, म्हणून फ्लॅश.)

मी पोचलो तेव्हा सभागृहात खुर्च्या एकावर एक रचत होते. आई सन्मानचिन्ह मांडीवर घेऊन बसली होती. साहेबांनी "लेखक कुठे आहेत?" विचारलं, तेव्हा म्हणे बायकोने माइकवर सांगितलं, "ते स्वतःचे नियम पाळत हायवेवर उभे आहेत." मग टोइंगवाल्याला स्टेजवर बोलावलं. तो म्हणाला, "पुस्तिका इतकी पक्की आहे, की आज मी लिहिणाऱ्यालाच मागे ठेवून आलोय." लोकांनी म्हणे उभं राहून टाळ्या वाजवल्या.

"खूप वाजल्या हो," बायको म्हणाली आणि माझ्या कोटावरची धूळ झटकू लागली. तिचे डोळे ओले होते. अभिमानाने माझेही झाले. म्हटलं, असू दे. टाळ्या आपल्याच होत्या, आपण फक्त नव्हतो.

गेल्या महिन्यात दुसरी आवृत्ती निघाली. बारावं कलम आलं आहे, गाडीत नुसत्या बसलेल्यांसाठी. मुखपृष्ठावर त्या समारंभाचा फोटो आहे: बायको, आई आणि टोइंगवाला.

माझाही आहे, मागच्या पानावर, फ्लॅशने बसमधून काढलेला. कठड्याच्या अलीकडे, रस्त्यात, दोन्ही हात वर. त्याखाली ठळक अक्षरांत छापलंय: 'हायवेवर असे कधीही उभे राहू नये.'

आईने ते पान फ्रेम करून दिवाणखान्यात लावलं आहे. येईल त्याला दाखवते, "सरकारने फोटो छापलाय माझ्या पोराचा!" खालची ओळ वाचायला तिला चष्मा लागतो. तो कुठे ठेवलाय, ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.