परीक्षा केंद्र: आमचं स्वयंपाकघर

लेकीला धीर द्यायचा, एवढंच मी ठरवलं होतं. शाळेच्या शेवटच्या वर्षी सगळ्यांना एकच मोठी परीक्षा. त्यात गणितात गचकलं की शाळा पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र नाही. आमची लेक सराव परीक्षेत कोरा पेपर देऊन आली होती.

"पेपर समोर आला की हातपाय गळतात, बाबा," म्हणाली आणि रडायलाच लागली.

"हात्तिच्या! हा पेपर मीसुद्धा सोडवून दाखवतो," मी बोलून गेलो. (ऑफिसात मी हिशेब सांभाळतो. म्हणजे, कॅल्क्युलेटर सांभाळतो.)

रविवारी स्वयंपाकघरात परीक्षा केंद्र उघडलं. पर्यवेक्षक बायको. तिने काम फारच मनावर घेतलं.

"मोबाइल इकडे."

"अगं, नवरा आहे मी तुझा!"

"परीक्षार्थींनी बोलायचं नाही. कॅल्क्युलेटरही इकडे. आणि टेबलावर चहा चालणार नाही."

(ती गॅसकडे वळली तेवढ्यात मी कप ओढून उत्तरपत्रिकेवरच टेकवला.)

बरोबर उत्तराचा गोल पेन्सिलीने काळा करायचा, इतकं सोपं काम. दुसरा प्रश्न डोक्यावरून गेला, म्हणून सोडला. त्याची ओळ सोडायची मात्र राहिली. मग पुढचं प्रत्येक उत्तर भलत्याच प्रश्नापुढे जाऊन बसलं.

लेकीने पेपर तपासला. "बाबा, डोळे मिटून गोल काळे केले असते तरी जास्त मार्क पडले असते!"

हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवसापासून ती मला रोज शेजारी बसवून गणित शिकवू लागली. माझ्या डोक्यात काही शिरलं नाही, पण समजावता समजावता तिची भीती पळाली.

आणि ती पास झाली! प्रमाणपत्र घ्यायला आम्ही तिघं ऐटीत शाळेत गेलो. दाराशीच फलक होता: 'उत्तरपत्रिका अशी भरू नका.' खाली नाव झाकलेला एक नमुना. सगळे गोल एकेक ओळ घसरलेले.

मी शेजारच्या पालकांना कोपराने ढोसलं. "कुणाचं हो हे दिवटं? आईबापांचं लक्ष नसतं, दुसरं काय!"

लेक एकदम बुटाची नाडी बांधायला खाली वाकली. बायकोने फलकाजवळ जाऊन नमुन्याच्या कोपऱ्यातल्या गोल, तपकिरी डागावर बोट ठेवलं.

"तरी मी सांगत होते," ती म्हणाली, "टेबलावर चहा चालणार नाही."