गावंडे सरांचा फ्लोचार्ट

आमच्या कॉलेजात गावंडे सरांच्या लॅबमध्ये पहिला महिना कंप्युटर सुरूच होत नाहीत. पोरं चपला दाराबाहेर काढतात, आत येतात आणि कागदावर प्रोग्रॅम लिहितात. मग दोघांना पुढे उभं करायचं. एकाच्या हातात चहाचा ग्लास, दुसऱ्याच्या हातात पाण्याचा. चहा पाण्याच्या ग्लासात, पाणी चहाच्या ग्लासात, करा अदलाबदल! त्यासाठी तिसरा रिकामा ग्लास लागतो हे पोरांच्या डोक्यात शिरेपर्यंत चहा गार झालेला असतो. न सांगता कुणी हललं, की सर खेकसलेच, "काहून सरकला बे? कंप्युटर मनानं काई करते का?"

कुणाचं उत्तर चुकलं की त्यांचा एकच सवाल. "घाबरू नोको. चूक कोणत्या लाइनीत झाली, थे सांग." पोरगं वहीवर बोट ठेवतं, सर तेवढी ओळ खोडून दुरुस्त करतात, विषय संपला. वलगावकडच्या खेड्यांतून येणारी, जन्मात माऊस न धरलेली पोरं त्यांच्या हाताखाली पास होतात. त्याच पोरांना मी कम्युनिकेशन स्किल्स शिकवते आणि माझ्या तासाला ती तोंड उघडत नाहीत. जळफळाट होतो, दुसरं काय!

गेल्या वर्षी हे गृहस्थ चक्क माझ्या तासाला शेवटच्या बाकावर येऊन बसायला लागले. वही-पेन घेऊन! मला वाटलं, प्राचार्यांनी पाळत ठेवायला पाठवलं. डोकंच फिरलं माझं. एके दिवशी मी 'ऐकण्याचं कौशल्य' शिकवत होते, तर सरांनी हात वर केला.

"मॅडम, समोरचं माणूस बोलतच नसन, तं आयकाचं काय?"

वर्ग खिदळला. "ते सिलॅबसमध्ये नाही, सर," मी फटकारलं. तास संपल्यावर स्टाफरूममध्ये गाठून जाबच विचारला. सरांनी वही मिटली आणि खाली मान घालून सगळं सांगितलं.

सरांची बायको जाऊन बरीच वर्षं झालीत. एकुलती एक मुलगी, माधुरी. ती एक दिवस सासर कायमचं सोडून, बॅग घेऊन राजापेठेतल्या घरी आली. सरांनी तिला पाणी दिलं आणि विचारलं, "चूक कोणत्या लाइनीत झाली?" पोरीनं ग्लास तसाच खाली ठेवला, बॅग उचलली आणि अकोल्याला जठारपेठेत मावशीकडे निघून गेली. तेव्हापासून ती बापाचा फोन उचलत नव्हती.

"मी टोमणा नोता मारला, मॅडम. चूक सापडली का दुरुस्त कराले येते. मले तेवढंच येते."

माझा राग कुठल्या कुठे गेला. एवढा शहाणा माणूस आणि असं कसं बोलून बसला!

पुढच्या आठवड्यात मावशीचा निरोप आला. शनिवारी माधुरी फोन उचलेल म्हणते, पण एकदाच. सर दोन दिवसांत माझ्यापुढे मोठ्ठा फ्लोचार्ट घेऊन हजर. 'हॅलो म्हणाली?' होय, नाही. 'जेवली का?' होय, नाही. 'नोकरी पाहून राहिली का?' एकूण एकोणीस चौकटी आणि प्रत्येकीत प्रश्न! मी लाल पेनानं एकेक खोडत गेले. सर केविलवाणे झाले.

"मंग मी बोलू काय?"

"काहीच नका बोलू. ऐका."

"किती वेळ?"

"अहो, ती बोलेल तितका वेळ!"

शनिवारी कॉलेज सुटल्यावर रिकाम्या लॅबमध्ये त्यांनी फोन लावला. एकट्यानं धीर होईना म्हणून मला शेजारी बसवलं आणि स्पीकर सुरू केला. दुसऱ्याच रिंगला फोन उचलला गेला, पण पलीकडून शब्द नाही. सरांचं बोट खोडलेल्या चौकटींवरून फिरत होतं. त्यांना काहीतरी विचारायचं होतं, अगदी ओठांवर आलं होतं. मी मानेनंच नाही म्हटलं.

"बाबा," शेवटी माधुरीच बोलली. "इचारा नं. चूक माहीच होती, असंच ना?"

सरांनी कागद बाजूला सारला.

"नाई वो माय. मले काईच इचाराचं नाई. तू बोल, मी आयकून राहिलो."

पलीकडे पोर हमसून हमसून रडायला लागली. सरांनी घाईघाईनं स्पीकर बंद केला आणि फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला. मी उठून बाहेर व्हरांड्यात आले. आतून बराच वेळ सरांचं फक्त "हो... हो माय..." ऐकू येत होतं.

तासाभरानं ते बाहेर आले. डोळे लालभडक. विचारायला नको होतं, पण माझ्यानं राहवेना.

"काय म्हणाली, सर?"

"थे तिनं मले सांगतलं, मॅडम," सर म्हणाले. "मी कोनालेच नाई सांगनार."