डब्यातलं मशीन

आमच्या शाळेचे शिपाई सोपानकाका रोज दोन डबे आणतात. एकात भाकरी असते, दुसऱ्यात कॉम्प्युटर.

थट्टा करत नाही. पाटोद्याच्या बसमध्ये एकदा कंडक्टरनं त्यांच्या मांडीवरच्या स्टीलच्या डब्याकडं बोट दाखवून विचारलं, "काय हाय वो ह्यात?" काका म्हणाले, "कॉम्प्युटर." कंडक्टर म्हणाला, "मग त्याचं हाफ तिकीट काढू का?" काका शांतपणे म्हणाले, "झोपवून आणलंय. झोपलेल्याला तिकीट नसतंय."

आता नीट सांगतो. मला स्वतःला हे समजायला दोन वर्षं लागली, आणि मी विज्ञान शिकवतो. डब्यात तळहाताएवढी हार्ड डिस्क असते, फडक्यात गुंडाळलेली. त्या डिस्कमध्ये एक अख्खा जुना कॉम्प्युटर आहे. पत्रा नाही, तारा नाहीत, नुसता जीव. आमचा निकालाचा जुना प्रोग्राम फक्त त्याच्यातच चालतो. डिस्क ऑफिसच्या कॉम्प्युटरला जोडली की पडद्यावर एका चौकटीत ते मशीन उघडतं. संध्याकाळी बंद न करता आहे तसं थांबवायचं, घरी न्यायचं, घरच्या लॅपटॉपला जोडायचं, की ज्या ओळीवर काम सोडलं तिथूनच पुढं सुरू. काका हे माझ्यापेक्षा बरं सांगतात: "सर, हे बाजेसारखं हाय. अंगणात टाका नाहीतर माळवदावर, झोप तीच."

खरं तर निकाल भरायचं, उरलेलं घरी नेऊन पुरं करायचं हे क्लार्कचं काम. पण आमचे क्लार्क माउसला हात लावायच्या आधी खुर्ची मागं सरकवतात, म्हणून ते शिपायावर आलं.

मशीन झोपवायचा एक विधी असतो. डिस्कवरचा निळा दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत काका हात बांधून उभे राहतात. त्या वेळात त्यांना कुणी काही सांगायचं नाही. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी पाणी मागितलं. काका जागचे हलले नाहीत. "थांबा साहेब, दिवा चालू हाय." साहेब तहानलेले, हेडमास्तर घामाघूम, आणि काका दिव्याकडं बघतायत. शेवटी पाणी मी आणलं.

असं हे लाडावलेलं मशीन सोमवार ते शनिवार शाळेत गुमान चालायचं, आणि रविवारी काकांच्या घरी हमखास बिघडायचं. सोमवारी काका सांगायचे, "काल लई रुसलं बघा." मग त्यांची लेक रेखा पुण्याहून तासभर फोनवर बोलून ते नीट करायची. ती तिकडं कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे; मशीन डिस्कमध्ये बसवून दिलं तिनं, लॅपटॉपही तिचाच. रविवारच्या बिघाडाचं कारण त्यांच्या वस्तीवरचा कमी दाबाचा करंट, असं मी स्टाफरूममध्ये फळ्यावर आकृती काढून सिद्धही केलं होतं. कुणी शंका काढली नाही. विज्ञानाच्या मास्तरला एवढा मान असतोच.

यंदा शाळेला नवा कॉम्प्युटर आला आणि हेडमास्तरांना शिस्त आठवली. "शाळेचं मशीन शिपायाच्या घरी कशाला? ते कायमचं ह्या नव्या कॉम्प्युटरात टाका. उद्यापासून ने-आण बंद." काका म्हणाले, "सर, रविवारपुरतं तरी नेऊ द्या." हेडमास्तर नाही म्हणाले. काकांचा चेहरा पडला. त्या दिवशी त्यांनी भाकरीचा डबा उघडला नाही.

ते काम काकांकडून होईना, म्हणून हेडमास्तरांनी स्वतःच हात घातला. पडद्यावरचं मशीनचं चिन्ह पेनड्राइव्हवर घेतलं, नव्या कॉम्प्युटरवर डकवलं आणि "झालं" म्हणाले. आम्ही टाळ्या वाजवल्या. मशीन काही उघडलं नाही. घराची पाटी काढून आणायची आणि घर आणलं म्हणायचं, अशी गत. मग मला हुकूम झाला: रविवारी काकांच्या घरी जा, रेखाकडून फोनवर काय ते शिकून घे, सोमवारी मशीन नव्या कॉम्प्युटरात पाहिजे. तेवढ्या कामापुरती डिस्क शेवटची घरी गेली.

रविवारी गेलो. काकू शेळ्या घेऊन माळावर गेल्या होत्या. काका दाराकडं पाठ करून लॅपटॉपपुढं बसले होते. मी हाक मारणार तेवढ्यात त्यांनी मशीन बंद केलं, त्याची सेटिंग उघडली, एका चौकोनातली बरोबरची खूण काढून टाकली आणि मशीन परत चालू केलं. ते उघडेना. काकांनी समाधानानं फोन हातात घेतला.

"काका, का बिघडवलं?"

त्यांनी वळून पाहिलं आणि फोन खाली ठेवला. "सर, रेखी ल्हान होती तवा आमी दोघं ऊस तोडाया जायचो. दिवाळी झाली की गेलो, ते उन्हाळ्यात परत. ही आजीपाशी. परत आलो की जवळ येत नव्हती, दाराआडून बघायची. एकमेकाशी बोलायची सवयच लागली न्हाई. आजबी फोन केला की 'जेवलीस का', 'हो', संपलं. मशीन बिघडलं की मातर तासभर बोलती. ते ऑफिसात गेलं तर मी तिला काय इचारू?"

मी म्हणालो, "लावा फोन."

फोन स्पीकरवर होता. "आबा, वरून तिसरी ओळ वाचा," रेखा म्हणाली. ज्यांनी आत्ताच डोळे झाकून ती खूण काढली होती, ते काका पहिलीतल्या पोरासारखे एकेक अक्षर लावू लागले. मध्येच, "तिकडं थंडी हाय का गं?" "हाय थोडी. चौथी वाचा." "स्वेटर घालत जा."

थोड्या वेळानं काका चहा ठेवायला आत गेले. पडद्याच्या कोपऱ्यात 'रेखा जोडलेली आहे' अशी पाटी मला मघाच दिसली होती. मी फोन उचलून माझी ओळख सांगितली. "रेखा, इथला पडदा तुला तिकडं दिसतो ना?"

"दिसतो सर."

"मग बिघाड कळत नाही?"

तिनं आवाज बारीक केला. "त्यांचा फोन यायच्या आधीच कळतो. दर रविवारी तीच खूण काढलेली असती. मी इकडून लगेच लावली, तर आबा 'बरं, ठेवतो' म्हणतील. दुसरं काय बोलावं ते त्यांना सुचत न्हाई सर. मलाबी न्हाई."

काका कप घेऊन बाहेर आले. "सापडलं का गं?"

"न्हाई आबा. तुमी परत पहिल्यापासून वाचा बरं."

काकांनी कप बाजूला ठेवला आणि पहिल्यापासून वाचायला लागले.

सोमवारी मी हेडमास्तरांना लेखी दिलं: सदर मशीन नवीन संगणकात बसत नाही, ते घरी नेणे तांत्रिकदृष्ट्या आवश्यक आहे. त्यांनी न वाचता खाली शेरा मारला, 'पूर्ववत चालू ठेवावे.' नोकरीत मी खोटे कागद बरेच लिहून दिले असतील. एवढ्या एकाला मी अजून खोटा म्हणत नाही.