डावीकडच्या ताठ स्प्रिंगा

ज्या वस्तूचा उपयोग संपतो तिचा इतिहास सुरू होतो. आणि इतिहास एकदा सुरू झाला की त्या वस्तूवर बसण्याचा हक्क कोणालाच उरत नाही. डिचोलीच्या एका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या गुरुदास गावस यांना हे तत्त्व निवृत्तीनंतर उमगले. सेवेत असताना उमगते, तर कचेरीतल्या पुष्कळ खुर्च्या वाचल्या असत्या.

वस्तू म्हणजे त्यांच्या वडिलांची, कैलासवासी दत्तारामबाबांची पिकअप. पोर्तुगीज अमदानीत बोटीने आलेली ही गाडी लाटंबार्सेचा काजू म्हापशाच्या बाजारी पोचवीत असे. दत्तारामबाब गेले, गाडी गोठ्यात गेली आणि तिच्या अंतर्भागाचे काम उंदरांनी हाती घेतले. छताचे अस्तर त्यांनी बिछान्यासाठी नेले, दारांचे पुठ्ठे चवीसाठी. सीटमधला काथ्या बहुधा केवळ तत्त्वासाठी.

निवृत्तीनंतर गुरुदासांनी ही गाडी पुन्हा चालती करायला घेतली. संवर्धनाचा नारळ फुटला त्या दिवशी गुरुदासांच्या आई, रुक्मिणीबाई, काठी टेकत गोठ्यापर्यंत आल्या. गाडीच्या डाव्या दाराला हात लावून म्हणाल्या, "रे गुरु, ही चलूंक लागली काय माका एकदां फुडें बसवन चोपड्यां व्हर मरे." चोपडे हे त्यांचे माहेर. तिथे त्यांना एकदा पुढच्या सीटवर बसून जायचे होते.

"आई, पयली तूंच बसतली!" गुरुदासांनी शब्द दिला. (त्या वेळी ते संवर्धनात नवखे होते.)

पुढे ते पेडण्याच्या जुनी वाहने संवर्धन मंडळाचे सभासद झाले आणि त्यांच्या विचारांना शिस्त लागली. मंडळाची वार्षिक फेरी यंदा डिचोलीहून चोपड्याच्या नदीकाठापर्यंत जायची होती, आणि ज्या गाडीचा अंतर्भाग सर्वांत अस्सल, तिला करंडक मिळायचा होता. अस्सल कशाला म्हणावे, याबाबत मंडळाचा नियम निःसंदिग्ध आहे: गाडी कारखान्यातून जशी निघाली तशी नव्हे, तर मालकाने जशी वापरली तशी. कारखान्यातून साऱ्या गाड्या सारख्याच निघतात. त्यांना व्यक्तिमत्त्व देतो तो बसणारा. या युक्तिवादात खोट काढणे अशक्य आहे. गुरुदासांनी प्रयत्न करून पाहिला होता.

सावंतवाडीकडच्या ओंकार या कारागिराने सीटमध्ये नवा काथ्या भरला, नवे रेक्झीन शिवले. मंडळाचे अध्यक्ष बाबुराव पाहणीस आले. त्यांनी सीट दोन बोटांनी दाबली आणि मान हलवली. "गुरुदासबाब, ही सीट खोटं बोलते. हिच्यात दत्तारामबाब कुठे आहेत?"

प्रश्न मार्मिक होता. दत्तारामबाब देहाने भारदस्त होते आणि कोपर खिडकीबाहेर काढून उजवीकडे कलून बसत. त्यांच्या हयातीत सीटला त्या बाजूस जो खळगा पडला होता, तोच वारसा. बाकी सारे सामान.

ओंकारला खळगा पाडायला सांगितले, तेव्हा तो सुई खाली ठेवून म्हणाला, "साहेब, माझ्याकडे लोक खड्डो बुजवूक येतत. पाडूक येणारे तुमीच पयले."

मग तालुक्यात सुयोग्य देहाचा शोध सुरू झाला. (नव्वद टक्के उमेदवार नुसतेच स्थूल निघाले, उरलेले कलत होते, पण डावीकडे.) अखेर खुद्द अध्यक्षांचाच देह सर्व कसोट्यांना उतरला. त्यानंतर रोज सकाळी बाबुराव गोठ्यात येऊन, कोपर बाहेर काढून, सीटवर वर्तमानपत्र वाचत बसू लागले. खळगा उपाशीपोटी खोल होत नसल्याने त्यांना भाजी-पाव द्यावा लागे.

"लोक देवाक नैवेद्य दाखयतात," गुरुदासांच्या पत्नी भाग्यलक्ष्मी बशी आपटत म्हणाल्या, "आमी खड्ड्याक दाखयतांव!"

उजवी बाजू सिद्ध झाली. डावीचा प्रश्न राहिला. जुन्या स्प्रिंगा तपासल्या. उजवीकडच्या भुईसपाट होत्या, डावीकडच्या मात्र कारखान्यातून आल्या तशाच ताठ. तिकडे कोणी बसतच नसे काय? हयात साक्षीदार एकच होत्या.

"थंय बसतलें कोण?" रुक्मिणीबाई म्हणाल्या. "थंय तांची छत्री आसताली आनी पानाचो डबो. हांव फाटल्यान, काजींच्या पोत्यांर."

बाबुरावांनी साक्ष स्वीकारली: पुढे छत्री आणि डबा, मागे पोत्यांवर बायको. गुरुदास मात्र अस्वस्थ झाले, कारण ते मातृभक्त होते आणि शब्द देऊन बसले होते. त्यांनी दोन्ही बाजूंनी स्वतःच युक्तिवाद केला. आई पुढे बसली तर डाव्या बाजूस इतिहासात नसलेला खळगा पडतो. म्हणजे वडिलांच्या चरित्रात फेरफार होतो. आणि वडिलांच्या चरित्रात फेरफार झालेला कोणत्या पतिव्रतेला रुचेल? तेव्हा पुढे न बसणे ही, नीट पाहिले तर, आईचीच इच्छा होती.

"आई, तूं फुडें बसल्यार बाबा खोटो पडटा," त्यांनी समजावले.

"तो मेलो, तरी माका पोत्यांरच बसयता मरे," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "बरें तर. पोतीं तरी मऊ घाल."

ही विनंती नियमांत बसत नव्हती. पोती काजूचीच घातली.

फेरीच्या दिवशी भाग्यलक्ष्मींनी सासूला हात धरून मागच्या हौद्यात चढवले, आणि आपण फेरीला न येता घरीच राहिल्या. नवऱ्याशी त्या बोलल्या नाहीत. (मंडळाच्या नियमांत याला हरकत नाही.) चोपड्याच्या काठावर परीक्षकांनी खळग्यात हात घातला, डावीकडच्या स्प्रिंगा दाबून पाहिल्या, हौद्यात डोकावले आणि एकमताने करंडक दिला. प्रशस्तिपत्रात मूळ स्थितीत टिकलेल्या भागांची नोंद आहे: दाराची मूठ, आरसा, आई.

करंडक आतून पोकळ, म्हणून वजनाला हलका. तो डाव्या सीटवर ठेवण्यास अध्यक्षांनी खास परवानगी दिली, आणि दत्तारामबाबांच्या पिकअपमध्ये पुढे, मालकाच्या शेजारी, प्रथमच कोणी बसले. डिचोलीला गाडी पोचताच शेजारीपाजारी जमले. कोणी रेक्झीनवरून हात फिरवला, कोणी खळग्याची खोली विचारली, कोणी करंडकाबरोबर फोटो काढून घेतला.

रुक्मिणीबाई चोपड्याला हौद्यातून उतरल्या का, माहेरचा उंबरठा त्यांना दिसला का, की पोत्यांवर बसल्या बसल्याच परत आल्या, याची नोंद मंडळाकडे नाही. गुरुदासांना विचारावे, तर ते करंडक दाखवतात. आणि वाचकहो, तुम्हीही चोपड्याहून निघालात ते करंडकाच्याच मागोमाग. वाटेत एकदाही मागे वळून पाहिले नाहीत. रेक्झीनचा रंग कोणता, एवढे मात्र तुमच्या मनात येऊन गेले असेल.

तपकिरी होता.