जर्मन वाचवणाऱ्या यामिनीताई

एखाद्याचे चांगले काम वाचवायचे असेल, तर त्याला आधी त्या कामावरून उठवून मोठ्या पदावर बसवावे लागते. लोकशाही यालाच प्रगती म्हणते, आणि कॅनडातल्या केंब्रिज गावात ती २०१८ साली फार वेगाने झाली.

यामिनीताई देवस्थळी मूळच्या पुण्यातल्या जर्मनच्या बाई. नवरा रविकांत मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर. त्याच्यामागून कॅनडात आल्यावर त्या दर शनिवारी सकाळी एका शाळेच्या खोलीत मुलांना जर्मन शिकवू लागल्या. मुले गावातल्या जुन्या जर्मन घरांतली. आजीशी बोलता यावे म्हणून आलेली (म्हणजे आजीने पाठवलेली). बाईंचा आठवडा शनिवारी सुरू होई आणि शनिवारीच संपे. मधले दिवस त्या नुसते ढकलत.

मग शाळा बोर्डाने फर्मान काढले: पंधरा मुले नसतील तो वर्ग पुढच्या वर्षी बंद. बाईंकडे बारा होती.

कमी पडणाऱ्या तीन मुलांसाठी बाई गावातल्या मराठी मंडळात गेल्या. मंडळ हेलावून गेले. भाषा मेली की संस्कृती मेली, असे सात वक्ते म्हणाले, पैकी पाच इंग्रजीत. नव्वद कुटुंबांपैकी अठ्ठ्याऐंशींनी हात वर करून पाठिंबा दिला (दोन इंडियाला गेली होती). मूल मात्र कोणीच दिले नाही.

"यामिनीताई, तुमचा क्लास सेव्ह व्हायलाच पाहिजे," मंडळाच्या अध्यक्षा शुभदाताई म्हणाल्या. "पण आमच्या तनयला सॅटर्डेला हॉकी असते ना! त्यापेक्षा तुम्ही शाळा बोर्डाच्या इलेक्शनला ट्रस्टी म्हणून उभ्या राहा. तिथं आपलं माणूस हवंच."

तीन मुले देण्यापेक्षा एक पुढारी देणे मंडळाला सोपे गेले.

प्रचार दणक्यात झाला. ज्या घरांतून मूल मिळाले नव्हते, त्या प्रत्येक घरापुढच्या हिरवळीवर 'जर्मन वाचवा' अशी पाटी लागली (पाटीला शनिवारी हॉकी नसते). मंडळाने बटाटेवडे तळले, जर्मन आज्यांनी केक भाजले, रविकांतने बेसमेंट प्रचाराला दिले आणि तो वॉशिंग मशीनशेजारी झोपू लागला. बाई प्रचंड मतांनी निवडून आल्या.

बोर्डाच्या नोकराला बोर्डावर बसता येत नाही, असा नियम आहे. त्यामुळे निवडून येताच बाईंची नोकरी गेली. वर्गाला आता ट्रस्टी होत्या, बाई नव्हत्या. पहिल्या शनिवारी त्या सवयीने लवकर उठल्या, आवरून खुर्चीत बसल्या आणि त्यांना रडू आले.

पण पुढाऱ्याला रडून चालत नाही. बाईंनी बोर्डात असे घणाघाती भाषण केले, की तिथल्या तिथे समिती नेमली गेली आणि बाई तिच्या अध्यक्षा झाल्या. शिक्षक हवा अशी जाहिरात निघाली. लायक उमेदवार पंचक्रोशीत एकच होत्या, आणि त्या जाहिरात काढण्यात गुंतल्या होत्या. अखेर अहवाल आला: शिक्षक नाही म्हणून मुले गेली, मुले गेली म्हणून शिक्षक नको. वर्ग बंद करण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. त्यात बाईंचेही मत होते (स्वतःच्याच अहवालाविरुद्ध हात वर करणे शिष्टाचारात बसत नाही).

वर्ग गेला, पण लढा गाजला. एका पक्षाने प्रांताच्या निवडणुकीसाठी बाईंना विचारले. मंडळाने सत्कार ठरवला. शनिवारी सकाळी हॉल मिळेना. एका शाळेतली खोली मात्र नुकतीच रिकामी झाली होती.

भिंतीवर बाईंच्या हातचा जर्मन वारांचा तक्ता अजून होता. शुभदाताईंनी त्यावरच 'हार्दिक अभिनंदन'चा फलक चिकटवला; इंग्रजी अक्षरांत, म्हणजे मुलांना वाचता येईल. सत्कारासाठी तनयला हॉकी बुडवून आणले होते.

"मॉम, व्हॉट डझ दॅट मीन?"

"इट्स मराठी, बेटा."

बाई हार सावरत खाली वाकल्या. "पुढच्या शनिवारी येतोस? मराठी, जर्मन, तू म्हणशील ते शिकवीन."

"सॉरी आंटी, आय हॅव हॉकी."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

हे वाचून तुम्हालाही भाषेची काळजी वाटली असेल. उत्तम. मग ही गोष्ट आजच मुलांच्या हाती द्या. नाही, राहू द्या. तुम्हीच वाचून दाखवा, आणि अर्थही तुम्हीच सांगा.