अनंतरावांची वॉर्डरचना

सिल्वासातल्या त्या कॉलनीत पाण्याच्या पंपाची किल्ली चेअरमनकडे असे, आणि चेअरमन अनंत सावंत असत. किल्ली ज्याच्या घरात, त्याच्या बिल्डिंगला पहिलं पाणी. त्यामुळे त्यांच्या बायकोचं, प्रमिलावहिनींचं धुणं सकाळीच दोरीवर चढे, तर मागच्या बिल्डिंगमध्ये तानूबाई पाटलांचे कपडे दुपारपर्यंत बादलीत भिजत पडत.

पुढे खडोलीच्या कारखान्यांत भरती झाली नि कॉलनीत खानदेशी बिऱ्हाडं वाढली. अनंतरावांसारखी कचेरीत नोकरी करणारी कोकणातली मंडळी संख्येनं मागे पडली. निवडणूक तोंडावर आलेली. अनंतरावांनी नवे वॉर्ड आखायला पेन्सिल आणि पट्टी घेतली. पट्टी लगेच बाजूला ठेवली, कारण सरळ रेघ त्यांच्या कामाची नव्हती.

वॉर्ड तीन, प्रत्येकातून कमिटीवर एक सभासद. जवळजवळ सगळे खानदेशी त्यांनी तिसऱ्या वॉर्डात कोंबले. उरलेले दोन कोकणचे. अनंतरावांच्या स्वतःच्या, पहिल्या वॉर्डाची रेघ तळमजल्यावरून निघून जिना चढत होती आणि गच्चीवरून पलीकडच्या बिल्डिंगवर उडी मारत होती. तरी दोन्ही वॉर्डांत एकेक खानदेशी बिऱ्हाड आडवं आलंच. पहिल्यात तानूबाईंचं.

"तीनच तर मतं! असू देत," अनंतराव उदार झाले.

जूनच्या सभेत शैलजाबाई शिक्षिकेनं सुचवलं, "रेघा आखणाऱ्यानं निवडणुकीला उभं राहू नये, असा नियम करा."

"नियम करणार कमिटी, आणि कमिटी म्हणजे आम्हीच की हो!" अनंतराव गोड हसले. "पण निःपक्षपातीपणा हवाच. तारीख बाहेरच्या माणसानं ठरवावी."

बाहेरचे पटेलमास्तर कॅलेंडर चाळून म्हणाले, "सप्टेंबरमां आ सोमवारे रजा छे, अनंतभाई. आगलो रविवार राखो."

आगलो म्हणजे आदला. अनंतरावांनी मान डोलावली. सोमवारी रजा कशाची, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. त्यांचा सगळा जीव नकाशात होता.

रजा गणेश चतुर्थीची होती.

मतदानाच्या दोन दिवस आधी कॉलनीत कुलपं लागू लागली. अनंतराव जिन्याजिन्यांत धावले. "अरे, मत टाका नि मग निघा!"

"आणि मखर कोण बांधणार? वापीहून गाडी आहे, अनंतराव. सरका!"

घरी आले तर प्रमिलावहिनी पिशवी घेऊन दारातच उभ्या. "मी पुढे होते. तुम्ही किल्ली सांभाळा."

रविवारी पहिल्या वॉर्डात चार मतं पडली. अनंतरावांना एक. तानूबाईंचा नवरा भगवंत हौसेनं उभा राहिला होता, त्याला तीन. दुसऱ्या वॉर्डातही तीच तऱ्हा झाली. कमिटीचे तिन्ही सभासद खानदेशी निघाले, त्यांनी भगवंतला चेअरमन केलं आणि किल्ली मागच्या बिल्डिंगमध्ये गेली.

गावाहून परतलेल्या वहिनींनी कोरड्या नळाकडे पाहिलं. "आता धुणं तुम्हीच धुवा," त्या म्हणाल्या. पुढच्या सभेत अनंतराव तळमळून उठले.

"ही वॉर्डरचना म्हणजे धडधडीत अन्याय आहे! जो रेघा आखेल त्यानं निवडणुकीला उभं राहायचं नाही, असा नियम करा!"

शैलजाबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

"बराबर बोलले, अनंतभाऊ," भगवंत म्हणाला. "करू नियम. पन मंग रेघा कोन आखीन?"

"कोन म्हंजे?" तानूबाई मागून म्हणाल्या. "कॉलनीत ते काम येतं कोनाला? अनंतभाऊच आखतीन. दर येळी."

सगळे हात वर गेले, कोकणातलेसुद्धा. टाळ्यांचा कडकडाट झाला. अनंतरावांनाही टाळ्या वाजवाव्या लागल्या. ठराव त्यांचाच होता.